उजव्या कानातली ओळ

हे तिसऱ्यांदा लिहितोय. दोनदा पुसलं, कारण वाचताना मलाच थाप वाटली. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. गावात कुणाला काही दिसलं की पहिला प्रश्न माझा — किती घेतली होतीस? तेव्हा आता तुम्ही मला तेच विचारा, मी रागवणार नाही.

मी भिवंडीजवळ पूर्णा गावचा. शेजारच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. ड्युटीनंतरचा उद्योग म्हणजे घरी गाणी रेकॉर्ड करणं, हळदीची, जत्रेची. एक माईक, जुना लॅपटॉप, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या गोधड्या... एवढाच माझा स्टुडिओ.

माझी आई धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, गाणारी बाई. चाळीस वर्षं तिने पंचक्रोशीतली लग्नं लावली, आणि तिच्या मागे गायला कायम हिरूमावशी, शेवटचं अक्षर जरा ओढणारी. धवला एकटीने म्हणत नाहीत. पुढे गाणारी ओळ उचलते, मागची ती झेलते. पुढचीचा श्वास तुटला, ठसका लागला, तरी मागचीने ओळ खाली पडू द्यायची नाही, हेच तिचं काम. दोन वर्षांपूर्वी हिरूमावशी गेली आणि आईने गाणं सोडलं.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रणालीचं लग्न ठरलं. त्याच महिन्यात आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही. साऱ्या गावाच्या पोरींना धवले गाणारी बाई स्वतःच्या पोरीच्या हळदीला मुकी बसणार... मला ते सहन होईना. म्हटलं, आधी रेकॉर्ड करून ठेवू.

"मना एकटीला न्हाय जमायचं," आई म्हणाली.

"मागचा आवाज मी कॉम्प्युटरवर करतो गं. एकाचे दोन करता येतात."

"कॉम्प्युटर झेलतंय का?" ती हसली, पण तयार झाली.

शुक्रवार निवडला, कारण त्या दिवशी आसपासचे कापडाचे लूम बंद, खडखडाट नाही. भर दुपारची वेळ. आईने शेजारी एक रिकामं स्टूल मांडून घेतलं, त्यावर पानाचा विडा ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मला वाटलं देवाला. मी म्हटलं, "आई, अजून चालू नाही केलं."

"तुझ्यासाठी न्हाय बोलत," ती म्हणाली.

गायली. आवाज फाटका, पण काय गायली! आणि नेमकं जिथे नवऱ्या मुलाचं नाव येतं, निखिलचं, तिथे तिला खोकला आला. नाव अर्ध्यात तुटलं. कसंबसं तिने गाणं शेवटाला नेलं आणि आवाज बसला तो बसलाच. दुसरा टेक झाला नाही. सोमवारी ऑपरेशन होतं. "नवऱ्याचं नाव तुटलं रे," असं ती घोगऱ्या आवाजात सारखी म्हणत होती, आणि मी तिला उगाच मशीनवर होईल, मशीनवर होईल म्हणून समजावत होतो.

मशीनवर काही होत नव्हतं. नाव गाण्यात एकदाच येतं, मग दुसरीकडून आणून जोडणार कुठून? निदान आवाज तरी भरदार करू म्हणून नेहमीची युक्ती केली. त्याच ट्रॅकची कॉपी काढली, किंचित मागे सरकवली, मूळ ट्रॅक डाव्या कानात, कॉपी उजव्या. हेडफोन लावला. ती ओळ आली... डावीकडे खोकला. उजवीकडे पूर्ण ओळ. नावासकट.

चार वेळा ऐकलं. मग लॅपटॉप बंद करून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. परत आलो, परत ऐकलं.

एक तपासणी असते. दोन सारख्या कॉपी एकावर एक ठेवून एकीची आवाजाची लाट उलटी केली, की दोन्ही एकमेकींना खातात आणि काहीच उरत नाही. तसं केलं. आईचा आवाज साफ गेला. त्या एका ओळीपाशी मात्र खोकला उरला, आणि खोकल्यासोबत एक बाई गाताना. शेवटचं अक्षर जरा ओढत.

जवळच्या दापोडे गावात माझ्या मित्राकडे, शाहिदकडे घेऊन गेलो. तो लूमवर सुपरवायझर, पण कान त्याचे माझ्याहून तयार. मी काही सांगितलं नाही. त्याने ऐकलं आणि विचारलं, "भाई, अम्मी के पीछे ये दूसरी कौन है?"

फोल्डर तपासला, त्यात एकच टेक होता. माईकही एकच होता आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.

ऑपरेशननंतर आईला बोलायची मनाई होती, पाटीवर लिहायची. तिला ऐकवलं. त्या ओळीला तिने स्वतःच्या मांडीवर थाप मारली, गाताना हिरूमावशीला दाद द्यायची तशीच. डोळे पुसले, पण चकित झाली नाही. मीच चिडलो. म्हटलं, "अगं, मावशी गेली तेव्हा प्रणालीचं ठरलंही नव्हतं. तिला निखिलचं नाव कसं माहीत?"

आईने पाटी ओढली. लिहिलं — मागचीला विडा देताना नवरानवरीची नावं सांगायची असतात.

मग मला ते स्टूल आठवलं.

हळदीला तेच गाणं वाजलं. आईचा आवाज परत आला नाही, ती स्पीकरजवळ बसून नुसते ओठ हलवत होती. ओळ आली, नाव पूर्ण लागलं, आणि ती प्रणालीच्या गालाला हळद लावून ढसाढसा रडली... आवाजाशिवाय.

कारण मला आजही सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा, पण फाईल मागू नका. शाहिद म्हणतो, डावीकडचा खोकला तरी काढून टाक, गाणं स्वच्छ होईल. मी नाही काढला. आईचा शेवटचा गाता आवाज खोकल्यासकटच आहे, आणि ती अडली नसती तर मागचीला झेलायला काय उरलं असतं?