डावा पुढचा, उजवा मागचा

विनायक भालकीकर या माणसाबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली तेव्हा लेख माझ्याकडेच मागितला होता, कारण त्यांचा शेजार सगळ्यात जास्त मी भोगला होता. मी डोळ्याच्या ऑपरेशनचं निमित्त सांगितलं. ऑपरेशन खरंच झालं होतं, पण आदल्या वर्षी. आता ऐंशी गाठताना नवी निमित्तं सुचत नाहीत, म्हणून लिहायला बसलो. आणि पहिल्यांदा आठवलं ते काय, तर लिंबू.

हा माणूस खिशात कायम एक लिंबू ठेवायचा. कुठेही उतार दिसला की थांबायचा, लिंबू काढायचा आणि सोडून द्यायचा. मग गुडघ्यांवर हात टेकून ते कुठून वळतं, कुठे उडी मारतं, कशाला अडतं ते बघत बसायचा. "उताराची वाट डोळ्याला कळत नसते, सर. लिंबाला कुठं जायचंय ते लिंबालाच विचारा." हैदराबादला, बरकतपुऱ्यातल्या एका लग्नात त्यांनी कार्यालयाच्या जिन्यावरून लिंबू सोडलं. ते टप्पे खात थेट नवऱ्या मुलाच्या आत्याच्या पायाशी गेलं. आत्याबाईंनी "करणी! करणी केली हो कुणी!" म्हणून जो टाहो फोडला, तो शांत करता करता माझ्या घशाला कोरड पडली. भालकीकर मात्र लिंबू उचलून मला सांगत होते, "तिसऱ्या पायरीवर डावीकडं वळलं, बघितलाव का?"

आमच्या मराठी शाळेत ते पी. टी. शिकवायचे आणि मी विज्ञान. नल्लकुंट्यात एकाच घरात वर ते, खाली मी. तारुण्यात ते गोळाफेकीत निजामाबादपासून बिदरपर्यंत नाव कमावून होते, आणि त्यांच्या उजव्या हाताशी हस्तांदोलन केलं की माझी बोटं घंटाभर दुखायची. भालकीकडची त्यांची बोली, त्यात हैदराबादची दखनी मिसळलेली. 'हौ' आणि 'नक्को' हे त्यांचे दोन्ही टोकांचे निर्णय होते. मधलं काही नसायचं.

ती वर्षं सगळंच बदलण्याची होती. गल्लीत केबलची वायर आली, परदेशी शीतपेयं आली, आणि आमच्या शाळेतली मुलं एकेक करून इंग्रजी शाळांत गेली. मुलं टिकावीत म्हणून व्यवस्थापनाने मैदानाच्या अर्ध्या भागावर संगणकाची खोली बांधली. तिचा ताबा माझ्याकडे आला आणि पी. टी.चे तासही संगणकाला, म्हणजे मलाच, मिळाले. भालकीकरांना सांगण्यात आलं की दिवाळीनंतर त्यांचं पद राहणार नाही. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त खोलीसमोरून जाताना म्हणायचे, "तुमच्या डब्यांना कूलर लावलाय म्हणे. आमची पोरं उन्हातच वाढली."

त्याच सुमारास त्यांनी केबलवर कुठल्याशा देशातली माणसं डोंगरावरून सायकली खाली फेकल्यासारखी सोडताना पाहिली. आपण कधी नाही तो टीव्ही बघायला वर गेलो आणि फसलो, असं मला आजही वाटतं. "राजूरकर सर, हे बघा! हे लोक लिंबू झालेत!" अमेरिकेत शिकणारा त्यांचा भाचा परत जाताना आपली जाड टायरची गियरची सायकल मामाकडे टाकून गेला होता. ती त्यांच्या जिन्यातून वर जाईना, म्हणून माझ्या व्हरांड्यात आली आणि माझं आयुष्य नासलं.

शहरात एक नवा क्लब निघाला होता. पावसाळा संपला की विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरावरून तो उताराच्या शर्यती घ्यायचा. क्लब चालवणारा श्रीनिवास एकदा घरी आला. चहा घेताना तो मोडक्या हिंदीत स्पष्टच म्हणाला, "सर, नंबर नहीं होना. सीझन की पहिली रेस में एक बार बराबर नीचे आके दिखाओ. फिर बच्चों को सिखाने का काम आपका." भालकीकरांचं वय पन्नाशीला टेकलं होतं. मुलगी लग्नाची होती. दिवाळीनंतर काय, या प्रश्नाला तेवढं एकच उत्तर समोर होतं, आणि ते अनंतगिरीच्या पायथ्याशी होतं.

मग तयारी सुरू झाली. आता जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे तेव्हा गोळकोंड्यापलीकडे नुसते उघडे खडक होते. दर रविवारी भल्या सकाळी मला उठवून तिथे नेलं जाई. मी उताराच्या मध्यावर छत्री धरून उभं राहायचं आणि ते वरून सायकलने येऊन मला वळसा घालायचे. एकदा मी घाबरून बाजूला झालो, तर केवढे चिडले! "तुम्ही झाड आहात, सर! झाड सरकतं का कुठं?" मी काही बोलायला गेलो तर म्हणाले, "झाडं बोलत पण नाहीत." घरी आलं की माझ्या अंघोळीच्या बादलीत त्यांची ट्यूब बुडवलेली असायची. माझ्या बायकोच्या चकलीच्या सोऱ्यातून ग्रीस भरता येईल का, असं त्यांनी तिला विचारलं त्या दिवशी ती माहेरी जायची तयारी करत होती.

सगळ्यात मोठा वाद ब्रेकचा. आपल्या सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो आणि डाव्याचा मागच्या. त्या अमेरिकन सायकलीला नेमकं उलट होतं. कोठी बाजारातला सायकलवाला युसूफभाई मिस्त्री पाहताक्षणी म्हणाला, "सर, ये ब्रेकां उलटे हैं. सीधे कर देऊं?"

"नक्को," भालकीकर म्हणाले. "जैसा है वैसाच रहने दो."

मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी भांडलो. चाळीस वर्षांची सवय दोन महिन्यांत जात नसते, भीती वाटली की हात जुन्या वळणावरच जाणार, हे मी त्यांना विज्ञानासकट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उजवी मूठ माझ्यासमोर धरली. "हा हात बघा. हा गोळ्याचा हात आहे. हा पुढच्या ब्रेकवर पडला तर चाक जागीच जाम, आणि मी हँडलवरून पलीकडं. हा मागंच बरा. डावा नरम आहे, तो पुढं चालतो. हाताचं काय, हाताला शिकवता येतं. मी मास्तर आहे का नाही?" आणि त्यांनी हाताला शिकवलं. जेवताना, शाळेच्या प्रार्थनेत, जिना चढताना त्यांची बोटं हलायची आणि ओठ पुटपुटायचे, "डावा पुढचा, उजवा मागचा." त्यांच्या पत्नी मंगलावहिनी म्हणायच्या, "लग्नात मंगलाष्टकं पण एवढ्या मनापासून म्हटली नव्हती यांनी."

शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. खंडेनवमीला शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा. भालकीकरांचा नियम असा की पूजेला बसलेलं हत्यार मधे उचलायचं नाही. ते एकदम कामालाच उचलायचं. म्हणजे नवमीपासून शर्यतीच्या रेषेपर्यंत सायकलला हात नाही. ज्या माणसाने माझा व्हरांडा तपासण्यांनी बुडवला, त्याने शेवटची तपासणी देवावर सोडावी, याला काय म्हणायचं? नवमीच्या सकाळी, पूजेआधी, मला म्हणाले, "सर, नळ तुमच्याकडं आहे, तेवढी धुऊन ठेवा. फक्त धुवायची. अक्कल चालवायची नाही."

ते शेवटचं वाक्य मला लागलं.

धुता धुता मला वाटलं, हा हट्टी माणूस उद्या-परवा मरेल. मीच बरोबर आहे आणि हे त्याला कधीच कळणार नाही. मी पाना घेतला, हँडलपाशी दोन्ही केबली सोडवल्या आणि त्यांची अदलाबदल केली. उजवा पुढचा, डावा मागचा, आपल्या देशात असतो तसा. पूजेच्या वेळी सांगायचं असं ठरवलं होतं. पण तोवर वहिनींनी हँडलला झेंडूची भरघोस माळ गुंडाळली होती, केबली तिच्याखाली दडल्या होत्या, आणि भालकीकर आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "हे आमचं झाड!" सगळे हसले. मी म्हटलं, सांगू उद्या. दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला वर गेलो, तर घर पाहुण्यांनी भरलेलं.

शर्यतीच्या दिवशी क्लबची जीप आली. मी पुढे होऊन म्हणालो, "सर, एक सांगायचं राहिलंय, ब्रेकचं..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. उतरून होईपर्यंत मौन, असा नवा नियम. मी पुन्हा तोंड उघडलं, तर त्यांनी डोळे वटारले आणि हाताने झाडाचा आकार काढून दाखवला. जीपमधली पोरं खिदळली. मौन त्यांचं होतं, माझं नव्हतं. दोन शब्द ओरडून सांगता आले असते. पण माझ्या मनात आलं, जा मग, कर काय करायचं ते. आणि तो तासादीडतासाचा रस्ता मी खिडकीतून सीताफळांच्या टोपल्या बघत गेलो.

वर रेषेवर त्यांनी सायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवून चिरडलं, नमस्कार केला, माळ काढून माझ्या हातात दिली आणि हसले. मला वाटलं, त्यांच्या हाताची जुनी सवय त्यांना वाचवेल. शपथेवर सांगतो, मला तसंच वाटलं. पण त्यांनी हाताला खरोखरच शिकवलं होतं. पहिल्या उभ्या उतारावर वेग आला, वळण आलं, आणि सायकल पुढच्या चाकावर उभी राहिली. ते हँडलवरून पलीकडे गेले. ते जसं सांगत होते, अगदी तसंच.

डाव्या खांद्याचा आणि दंडाचा चुरा झाला होता. पोरांनी त्यांना जीपने पुढे नेलं आणि सायकल आणायचं माझ्याकडे आलं. विकाराबादच्या एका पंक्चरवाल्याकडून पाना मागून मी केबली पुन्हा होत्या तशा केल्या. मग हात पुसून पाना परत केला.

दवाखान्यात मी गेलो तेव्हा श्रीनिवास बाहेर पडत होता. "उमर का मामला है, सर," तो मला म्हणाला. शाळेतही तेच बोललं गेलं, दिवाळीनंतर पद गेलं, आणि क्लबचं कामही दुसऱ्याला मिळालं. भालकीकर पलस्तरात पडल्या पडल्या छताकडे बघत होते. "सर, मला अजून वाटतं मी उजवाच दाबला होता," ते म्हणाले. "पण पुढचं चाक जाम झालं म्हणजे डावाच दाबला असणार. हौ ना? तुम्ही म्हणत होता तेच झालं. सवय जात नाही."

मी मान हलवली. होकारार्थी.

पलस्तर निघाल्यावर ते खाली आले आणि व्हरांड्यात बसून त्यांनी सायकलचा ब्रेक दाबून पाहिला. एकदा डावा, एकदा उजवा. केबली जागच्या जागी. मग म्हणाले, "सायकलचा काही दोष नाही." त्यानंतर त्यांनी डाव्या हाताचं नाव 'फितूर' ठेवलं. तो हात पुढे कधी पुरता वर गेला नाही. "फितुराला शिक्षा झाली," म्हणून उजव्या हाताने त्याला चापट मारायचे आणि हसायचे. जिन्यावरून उतरताना कठडा धरायला लागले. लिंबू मात्र मी पुन्हा त्यांच्या खिशात पाहिलं नाही. मला पूर्वी त्या लिंबाचा वैताग यायचा. नंतर त्याच्या नसण्याचा जो वैताग आला, त्याला तोड नाही.

मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि काही वर्षांनी त्यांनाही तिकडे नेलं. नामपल्ली स्टेशनवर मी गेलो, तो ठरवूनच गेलो. सामान चढवलं. खिडकीशी उभा राहिलो. म्हणालो, "भालकीकर सर, त्या शर्यतीचं एक..."

"सोडा ना ते," ते म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या जावयाला माझी ओळख करून दिली. "हे राजूरकर सर. यांनी मला आधीच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. मोठा जाणता माणूस." जावई उठून नमस्काराला वाकला. गाडी हलली. मी हात हलवत उभा राहिलो, झाडासारखा.

ते गेल्याचं मुलीने फोनवर कळवलं. आजारपणातही बाबा डाव्या हाताशी बोलायचे, म्हणाली, आणि तुमचं नाव निघालं की म्हणायचे, त्यांचं ऐकायला हवं होतं. मी 'हो का' म्हणालो. तिलाही सांगितलं नाही.

खिडकीशी म्हणायचं होतं ते फार मोठं नव्हतं. गाडी हलायच्या आत म्हणून झालं असतं. केबली मी बदलल्या होत्या, मला माफ करा. तुमचा हात काही विसरला नव्हता. सर, तुम्ही उजवाच दाबला होता.