अच्छाडच्या पाटीवरची आत्या

"उतरव मला खाली! आत्ताच्या आत्ता उतरव!"

आत्या अच्छाडच्या ढाब्यासमोर ओरडत होती आणि वर, ढाब्याच्या पाटीवर, तीच बसली होती. दोन मजले उंच, डाव्या हातात कोयता, पुढ्यात भलामोठा घोळ मासा. तिच्या आवाजाने गुजरातकडे निघालेले पन्नासेक ट्रक थांबले. बरं, तीन तरी.

चित्र माझं. मी चित्रकला शिकले ती आगरच्या किनाऱ्यावर, आत्यासमोर फतकल मारून. तिचा कोयता माशाच्या पोटावरून एकदाच फिरायचा. माझी रेघ तिथली. रंग होड्यांवरून उचलले, आगाऊपणा ट्रकांच्या पाठीवरून. ढाबेवाल्याने मोबाइलवर चित्र मागवलं आणि "बाई रागीट दिसते, गिऱ्हाईक पळेल" म्हणून नाकारलं. महिन्याभरात तेच पाटीवर चढलं. माझी सही गायब, तिथे त्याच्या मेहुण्याचं नाव.

वकील कशाला? मी आत्याला टेम्पोत बसवलं. तो तुला रागीट म्हैस म्हणाला, एवढंच वाटेत सांगितलं. 'म्हैस' हा शब्द माझा, पण त्याच्या तोंडावर तो होताच.

"मासी, धीमे बोला ने!" ढाबेवाला धावत बाहेर आला. "ही कोणीपण बाई आहे."

"कोणीपण? डाव्या हाताने मासळी कापणारी दुसरी दाखव बाजारात! माझ्या भाचीने काढलंय हे. तिचं नाव वर चढेपर्यंत आगरची मांदेलीसुद्धा तुझ्या तव्यावर पडायची नाही."

आत्याचा शब्द म्हणजे अख्ख्या किनाऱ्यावरच्या बायकांचा शब्द. पाटीवर मासळीवाली आणि ताटात पनीर! ड्रायव्हर पाटीकडे बोट दाखवून विचारायचे, "मच्छी किधर है?" मी मुद्दाम तिथे चहाला जायची. इतका गोड चहा जन्मात प्यायले नाही.

शेवटी ढाबेवाल्यानेच शिडी आणली आणि धरून उभा राहिला. मी मेहुण्याला खरवडून काढलं आणि माझं नाव असं रंगवलं की ढाब्याचं नाव त्याखाली मुंगीसारखं दिसावं. लांबच्या झरी गावातल्या म्हाताऱ्यांना घरबसल्या, चष्म्याशिवाय वाचता येतं म्हणे.

मी खाली उतरले. त्याने आत्यापुढे हात जोडले. समुद्र त्या आठवड्यात ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता.

"मासी, आता तरी उद्यापासून मासळी येईल ना?"

आत्याने पदर खोचला.

"उद्या बोटी जायच्या नाहीत."