कर्नलसाहेबांचं ‘येस’

कर्नल देवचंद बैसाणे यांच्या तोंडात शेवटी एकच शब्द उरला होता, ‘येस’. गेल्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्याने बाकी सगळी भाषा नेली. पण धुळ्याच्या घरात सविताबाईंनी "अहो" म्हटलं, की खुर्चीतून "येस" येई. बघायला येणारे कौतुकाने म्हणत, साहेब अजून फौजेतच आहेत. सविताबाईंना मात्र त्यात आपला नवरा सापडे. त्या एका शब्दावर त्यांचा संसार चालला होता.

पारोळ्याच्या वस्तीतला हा पहिला अफसर. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत गोळी घेऊन त्याने कालव्याचा बांध जिंकला आणि शौर्यपदक मिळवलं. गावात मिरवणूक निघाली, तीही बँडसकट. पुढे छावण्या फिरता फिरता अहिराणी सुटली. नागपूरच्या बायकोशी तर पहिल्यापासून पुस्तकी मराठीच. लढाईचं विचारलं की म्हणायचे, "त्यात सांगण्यासारखं काही नाही." अशा माणसापुढे कोण डोकं आपटणार? सविताबाईंनी विचारणं सोडलं.

कर्नलांचा वायरलेसवाला जवान पुना त्याच लढाईत गेला होता. साक्रीकडच्या त्याच्या विधवेला, लिलाबाईंना, कर्नल बहीण मानत. दर राखीला एकटेच तिकडे जात. यंदा जाणं झालं नाही, म्हणून ती म्हातारीच एसटीने आली. लिलाबाई राखी बांधत असताना सविताबाई हौसेने म्हणाल्या, "बघा हं, मला अजून ओ देतात. अहो!"

"येस," कर्नल म्हणाले. "येस... येस."

लिलाबाईंचा हात राखीवरच थांबला.

"वहिनी, हाई इंग्रजी नही शे. भाऊ आमनी बोलीमा बोली ऱ्हायना. येस म्हंजे येतो."

"येतो? कुठे?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि थांबत थांबत सांगितलं. पुना बांधापलीकडे सुरुंगांत जखमी होऊन पडला होता, हाका मारत होता. कर्नल अलीकडून ओरडत राहिले, ‘मी येस, मी येस.’ पण फुटलेल्या मांडीने त्यांना हलता आलं नाही. दुपारी हाका बंद झाल्या. लढाई संपल्यावर साक्रीला येऊन त्यांनी हे ढसाढसा रडत सांगितलं होतं. बायकोला जन्मात कधी नाही.

सविताबाईंनी वर्षभर जिवापाड जपलेला शब्द त्यांच्यासाठी नव्हताच.

लिलाबाई खुर्चीपाशी खाली बसल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. कर्नलच्या कानाशी तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, आते नको येऊ. पुना घर उना."

एवढी अहिराणी सविताबाईंना कळत होती. आता येऊ नकोस, पुना घरी आला, असं ती सांगत होती. कर्नल तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून वाहिले आणि ताठ खांदे सैल पडले.

लिलाबाईंना एसटीत बसवून सविताबाई परतल्या. दारातूनच त्यांनी हाक मारली, "अहो."

कर्नलांनी शांतपणे त्यांच्याकडे बघितलं; ‘येस’ आलं नाही. चहा झाला, दिवेलागण झाली. सविताबाई हाक मारतच राहिल्या.