ओढणीचा प्रयोग

माझी सहा महिन्यांची रजा संपत आली होती आणि आमच्या लेकीने आईच्या दुधाशिवाय काहीही पोटात घ्यायचं नाही असा पण केला होता. बाटली तर तिला नजरेसमोरही नको. सोमवारी ऑफिस. दिवसभर मी नसताना ही खाणार काय, ह्या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

मुगाच्या डाळीचं पाणी झालं, नाचणीचं सत्त्व झालं, मऊ भात झाला. चमचा जवळ नेला की ती ओठ घट्ट मिटायची आणि माझ्या कुर्त्यात तोंड खुपसायची. प्रत्येक वाटीतलं मी आधी स्वतः खाऊन बघायचे. बिनमिठाचं सत्त्व मलाही गिळवेना, ते एक सोडा. पण कुस्करलेल्या केळ्याने तिचं काय घोडं मारलं होतं?

तिला सांभाळायला सासूबाई पालीहून आमच्या पेणकरपाड्याच्या फ्लॅटवर आल्या होत्या. "भूक लागली की खाईल गो. उपाशी कोन ऱ्हात न्हाय," त्या म्हणायच्या. मला काही ते पटत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी खाली गाजरं आणायला गेले. "भैया, थोडा तो कम करो" करून वर येते तो लेकीच्या हनुवटीवर नाचणी आणि वाटी अर्धी रिकामी. "बघ, खाते का न्हाय!" सासूबाई म्हणाल्या. मी आनंदाने शेजारी बसले आणि बाईसाहेबांनी तोंड मिटून घेतलं.

आता मला चैन पडेना. मी स्वयंपाकघरात गेले, तिने तोंड उघडलं. बाहेर आले, परत मिटलं. मी दिसते म्हणून, की माझा आवाज येतो म्हणून? दाराआडून हाक मारून पाहिली. तिने मान वळवली, पण घास घेतला. मग वास? मी अंगावरची ओढणी काढून दाराआडूनच सासूबाईंच्या खांद्यावर फेकली.

"खुळी हाय का गो तू?" त्या म्हणाल्या, पण ओढणी राहू दिली. लेकीने ती हुंगली, चमचा उडवून लावला आणि आजीच्या छातीवर नाक घासत दूध शोधायला लागली. सासूबाईंना हसू आवरेना. मीही दारात उभी राहून पोट धरून हसले. पोरीचं केळ्याशी वैर नव्हतंच, माझ्या वासाने तिला दूध आठवायचं.

रविवारी सासूबाईंनी भात भरवायला घेतला तेव्हा मी आपण होऊन आत गेले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. तिने वाटी संपवली, आजीच्या बोटावरचं शीतसुद्धा चाटलं. सोमवारची काळजी मिटली होती. मला हेच तर हवं होतं, तरी डोळे भरून आले. माझ्या लेकीला जेवताना बघायचं, तर मला आता लपूनच बघावं लागणार होतं.