दोन्ही हात वॉकरवर

गोठ्यात वैरण टाकून मागं वळले आणि पाय घसरला. एवढंच झालं. उठायला गेले तर डावा पाय माझा राहिलाच नव्हता. शिरूरच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. टाके निघाल्यावर डॉक्टर मुलाला म्हणाले, "आत्ताच घरी नेऊन खाटेवर टाकलंत तर या परत उठायच्या नाहीत. चालायला शिकवतात अशा केंद्रात महिना-दीड महिना ठेवा."

मुलगा आणि सून दोघं कारेगावला कंपनीत आहेत. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. केंदूरच्या घरात मी एकटीच असते, मालकांना जाऊन सहा वर्षं झाली. म्हणून शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या केंद्रात मला ठेवलं. म्हैस शेजाऱ्यांकडे बांधली.

पहिल्या दिवशी मुलगा निघताना म्हणाला, "आई, तुझं तू संडास-बाथरूमला जायला लागलीस की केंदूरला सोडतो. तवर न्हाई. तिथं परत पडलीस तर कुणाला हाक मारशील?"

मी मान हलवली. दाराबाहेर सून त्याला हळूच म्हणाली, "आन् नाहीच जमलं तर इथंच बरं हाय की. नर्स हायत, जेवण हाय." ती वाईट मनानं बोलली नाही. पण मला ते ऐकू आलं आणि दिवसभर कानात राहिलं.

बायकांच्या खोलीत सहा खाटा होत्या. खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसायची आणि भिंतीवरून ट्रकचा फक्त वरचा टप जाताना दिसायचा. दर रविवारी चार ते सहा भेटायची वेळ. मुलगा दोन रविवार आला, मग त्याचा ओव्हरटाइम लागला. शेजारच्या खाटेवर इनामगावच्या आजी होत्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या. त्यांच्याकडे माणसांचा राबता. सुना, नाती, भाऊ, भावाच्या सुना. आलेलं माणूस बसायला जागा नाही म्हणून माझ्या खाटेच्या कडेवर टेकायचं आणि मी पाय आक्रसून घ्यायचे. कोणी विचारायचं, "तुमचं कोण आलं न्हाई का आज?" मी म्हणायचे, "येऊन गेले." खोटं बोलायची सवय तिथंच लागली.

व्यायाम करून घेणारी मुलगी दौंडची होती. रोज एसटीनं यायची, एक वाजताच्या गाडीनं परत जायची. बोलायला गोड, पण कामाला कडक. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, साडी नको. वॉकरमध्ये अडकते. गाऊन घालायचा."

मी आयुष्यात गाऊन घातला नव्हता. मुलानं कारेगावच्या बाजारातून दोन आणले. त्यावर मी टॉवेल घ्यायचे, आमच्याकडच्या बायका घेतात तसा. साडीचा पदर कसा, खोचला की बसतो. टॉवेल बसत नाही. जरा मान हलली की खांद्यावर येतो.

पंधरा दिवसांत मी खाटेवरून उठून हॉलच्या टोकापर्यंत जायला लागले होते. आधी वॉकर पुढं, मग मोडका पाय, मग चांगला. दोन्ही हात वॉकरवर. ती दौंडची मुलगी मागून म्हणायची, "मावशी, खाली नाही बघायचं, समोर बघायचं." समोर बघायची सवय मला कधी नव्हती.

मग एके दिवशी सकाळी समोर बघितलं तर दारातून चाकाच्या खुर्चीत आप्पा आत येत होते.

आप्पा म्हणजे मालकांचे सख्खे चुलते, माझे चुलत सासरे. आमच्या भावकीतले सगळ्यांत मोठे. सोसायटीचे चेअरमन होते, आवाज असा की वेशीवर बोलले तर आमच्या चुलीपाशी कळायचं. पस्तीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, तशी पद्धतच होती. ते अंगणात आले की आधी मोठ्यानं खाकरायचे. ते खाकरणं आम्हा सुनांसाठी असायचं. तेवढ्यात डोक्यावर पदर घ्यायचा आणि आत सरकायचं. चहा द्यायचा झाला तरी कप उंबऱ्यावर ठेवायचा, पोर उचलून नेई. त्यांचे पाय मला ठाऊक होते, वहाणा ठाऊक होत्या. चेहरा मी कधी नीट पाहिला नव्हता.

त्यांना अर्धांगवायू झाल्याचं मी ऐकलं होतं. इथं आणलंय हे माहीत नव्हतं. आता त्यांना खाकरता येत नव्हतं, आणि रबरी चाकांचा आवाज येत नाही.

माझ्या डोक्यावर काही नव्हतं. टॉवेल खांद्यावर. पुढचं मी ठरवून केलं नाही. उजवा हात आपोआप वर गेला, टॉवेल धरला, डोक्यावर ओढला. वॉकर एका बाजूला कलला आणि मी फरशीवर.

"मावशी, हात का सोडला?" ती मुलगी धावत आली. "किती वेळा सांगितलंय, काहीही झालं तरी वॉकर सोडायचा नाही म्हणून! चक्कर आली का?"

खरं काय ते सांगायचं म्हणजे आप्पांच्या देखत त्यांचं नातं सांगायचं. मी मान हलवली. हो, चक्कर आली.

ते हो मला महागात पडलं. तिनं कागदावर चक्कर लिहिली. डॉक्टरांनी चालणं बंद केलं, रक्त तपासायला घेतलं, खाटेला कठडा लावला. हाड शाबूत होतं, तेवढं नशीब. मुलाला फोन गेला. त्याचा मला आला. "आई, चक्कर येत असंल तर केंदूर डोक्यातून काढून टाक. मी तुला तिथं एकटं न्हाई सोडायचा."

"बरं," म्हणाले मी.

इनामगावच्या आजींनी मात्र मला धरलं. "चक्कर न्हाई न् बिक्कर न्हाई. तू टावेल धराया गेलीस. मी डोळ्यांनी पाह्यलं. कोण लागतो त्यो म्हातारा?"

"चुलत सासरे."

आजी खोखो हसल्या, मग गुडघा दुखला म्हणून कण्हल्या. "अगं, सासऱ्याच्या पाया पडायची एवढी घाई व्हय! लांबूनच हात जोडायचे की." सगळी खोली हसली. मीही हसले, पण तोंड भिंतीकडं करून.

मग त्या जवळ वाकून म्हणाल्या, "सांग त्या पोरीला खरं. न्हाईतर हितंच म्हातारी होशील."

मी सांगितलं नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा पाचव्या दिवशी डॉक्टरांनीच चालायला परवानगी दिली. मी गाऊनला आतून दोन पिना लावून टॉवेल पक्का केला. मग हॉलमध्ये गेले. वॉकर पुढं, पाय पुढं. नजर वर करून पाहिलं.

आप्पांची खुर्ची हॉलच्या कोपऱ्यात होती. तोंड भिंतीकडं. पाठ आणि पांढऱ्या केसांचं डोकं दिसत होतं. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, एक स्विचबोर्ड होता.

मला वाटलं, कोणी तरी चुकून ठेवली असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पुरुषांच्या खोलीतली काम करणारी मावशी आमच्याकडे चादरी घ्यायला आली आणि आजींना सांगू लागली, "त्यो केंदूरचा बाबा हाय ना, जीभ वळत न्हाई त्याची. पर तुमची ही वॉकरवाली बाई आत आली की चांगल्या हातानं माझा हात धरतो आन् भितीकडं दाखवतो. फिरव म्हंतो. म्या फिरवते. मला आधी वाटलं, डोक्यात काय बिघाड झाला."

आजींनी माझ्याकडं पाहिलं.

त्या दिवसापासून माझं चालणं झपाट्यानं सुधारलं. कोणी बघणारं नव्हतं. टॉवेल घसरला तर घसरू दे. दोन्ही हात वॉकरवर. हॉलच्या दोन फेऱ्या, मग चार, मग तीन पायऱ्यांचा लाकडी जिना चढणं-उतरणं. दौंडची मुलगी टाळ्या वाजवायची. "बघा, कुठं गेली तुमची चक्कर!"

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आप्पा आले त्या दिवसापासून त्यांची पाळी माझ्याबरोबरच लावली होती. एकीकडं मी वॉकरवर, दुसरीकडं ते दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये उभे राहायचे, असं ठरलं होतं. आता मी हॉलमध्ये असेपर्यंत ते दांड्यांकडं जायलाच तयार नसत. ती मुलगी म्हणायची, "बाबा, चला ना." ते मान हलवायचे. मला तास-दीड तास लागायचा. मग बाकीच्या बायका. त्यांची पाळी येईपर्यंत तिची गाडीची वेळ व्हायची. "बाबा, उद्या नक्की हं," म्हणून ती पर्स उचलायची. तीन दिवसांतून एखादे दिवशी ते उभे राहत असतील. तेही तिथल्या मावशीनं सांगितलं म्हणून कळलं.

मला एवढंच करायचं होतं, की त्या मुलीला सांगायचं, बाई, आधी त्यांना घे, मी मागून येते. किंवा आप्पांनाच म्हणायचं, तोंड फिरवू नका. आंघोळ करताना मी वाक्य जुळवायचे. हॉलच्या दारापर्यंत ते तोंडात असायचं. मग ती पाठ दिसायची आणि वाक्य जिरून जायचं.

लाजेचंच सगळं होतं असंही नाही. मला ते सोयीचं झालं होतं. त्यांनी तोंड फिरवलं म्हणून मी चालत होते. पाळ्या बदलल्या, तिचा वेळ संपला आणि माझ्या फेऱ्या कमी झाल्या तर? ते समोर बघत बसले आणि माझा हात परत वर गेला तर? मला केंदूरला जायचं होतं. तिथं माझं म्हणावं असं कोणी नाही, पण दार माझं आहे. म्हणून मी रोज उद्यावर टाकत गेले.

एका शनिवारी डॉक्टरांनी परीक्षा घेतली. मुलगा अर्धी सुट्टी टाकून आला होता. खाटेवरून उठले, बाथरूमला गेले, परत आले, तीन पायऱ्या चढून उतरले. मुलगा भिंतीला टेकून बघत होता. लहानपणी तो पहिल्यांदा चालला तेव्हा मी अशीच भिंतीला टेकून बघत होते, असं काही तरी मनात आलं. डॉक्टर म्हणाले, "न्या घरी. सहा आठवडे वॉकर सोडायचा नाही."

मुलगा पिशव्या गाडीत ठेवायला गेला. इनामगावच्या आजींनी माझ्या हातात बुंदीच्या लाडवाचा डबा कोंबला, "बोलून जा गं त्याच्याशी," म्हणाल्या. मी वॉकर घेऊन हॉलकडं गेले.

मी आले तशी पुरुषांच्या खोलीतल्या मावशीनं सवयीनं आप्पांची खुर्ची फिरवली. मी जवळ गेले. एवढी जवळ कधीच गेले नव्हते. त्यांच्या शर्टाची कॉलर मागं दुमडलेली होती.

"आप्पा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मी घरी चालले. तुमची पाळी माझ्यामुळं जात हुती, मला ठावं हुतं. मी बोलले न्हाई. उद्यापासनं भितीकडं तोंड करून बसू नका."

मावशी बघतच राहिली. आप्पांनी चांगला हात उचलला, चाकावर ठेवला आणि स्वतःच खुर्ची फिरवायला लागले. एका हातानं खुर्ची गोल गोल जाते, सरळ येत नाही. मावशी पुढं झाली तर त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. थोडं थोडं करत ते माझ्या समोर आले.

माझे दोन्ही हात वॉकरवर होते. टॉवेल कुठं होता मला माहीत नाही. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. डावी बाजू उतरलेली, दाढी वाढलेली. भुवया मालकांच्या होत्या. तशाच मध्ये जुळलेल्या. पस्तीस वर्षं मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण.

ते बराच वेळ जीभ जुळवत होते. मग म्हणाले, "हळू... जा."

मी हळूहळूच गेले.

केंदूरला येऊन आता वीस दिवस झाले. संडासला एकटी जाते, चहा करते, ओट्यावर बसते. म्हैस मुलानं विकून टाकायला लावली. सकाळी दूधवाला येतो आणि दुपारी शेजारची बाई भाकरी घेऊन येते, बाकी दिवस असाच जातो. आप्पांच्या सुनेला मी फोन लावला होता. ती म्हणाली, "हायत तिथंच. उभं राहत्यात म्हणं थोडं." किती वेळ उभे राहतात ते तिला माहीत नव्हतं. ती गेली नव्हती बरेच दिवस.

रविवारी मुलाचा फोन येतो. "आई, चालतीस ना?"

"चालते."

"मग झालं," तो म्हणतो, आणि त्याला कंपनीची गाडी गाठायची असते.