भिंतीवरचा जोड

आमचे मामा रंगारी. भिंतीला ओल दिसली की ते ब्रशला हात लावत नाहीत. "आधी आत काय गळतंय ते बघा, वरून रंग फासून काय उपयोग?" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावतात. स्वतःच्या कोपरांवरचे लाल, खपल्या धरलेले चट्टे मात्र त्यांनी अकरा वर्षं मलमाखाली झाकले.

शेवटी मामींनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. सोबतीला मी होतो. डॉक्टरीणबाईंनी कोपरं पाहिली आणि विचारलं, "पोट साफ होतं का?"

मामा भडकले. "कोपर दाखवायला आलोय, पोट कुठं मध्येच आणता?"

"दर वेळी संबंध असतोच असं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण काहींचं आतडं बिघडलं की चट्टेही चिघळतात. विचारावं लागतं."

"कुठलं साफ!" मामींनी तोंड उघडलं. "भिंत अर्धी सोडली तर रंगाचा जोड दिसतो, म्हणून हे ना डबा उघडतात, ना संडासला जातात. चार वाजता गार जेवण गिळतात." मग त्या मामांकडे वळल्या. "गिऱ्हाइकाची भिंत असती तर आधी ओल शोधली असतीत."



दुसऱ्या दिवशी एक वाजता मामा अर्धी भिंत तशीच सोडून शिडीवरून उतरले आणि डबा उघडून बसले. घरमालक घाबरला. "अहो, जोड दिसेल ना!"

"दिसू दे," मामा सावकाश घास चावत म्हणाले. "भिंतीला दुसरा हात मारता येतो."