फळ्याखालचा कवी

वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. रोज सकाळी झाडू मारून झाला, देवाला हात जोडून झाले, की बाई त्यावर एक शब्द लिहायच्या आणि तो कुठून आला ते खाली दोन ओळींत. बाई म्हणजे तिथल्या ग्रंथपाल. आवाज इतका हळू, की समोरच्याला ‘काय म्हणालात?’ विचारावंच लागे. आणि बहुतेक जण विचारतही नसत. संध्याकाळी घरी बोलायला कुणी नाही. मग त्या जाडजूड कोश मांडीवर घेऊन बसत. एका शब्दाचं बोट धरून दुसऱ्याच्या घरी, तिथून तिसऱ्याच्या, असं त्यांचं जाणं-येणं चाले.

फळा मात्र कुणी वाचत नसे. माणसं त्याला हात टेकून चपलेतला खडा काढत आणि पुढे जात.

मग एक दिवस कुत्रा आला. बुटका, मातकट, एक कान कायमचा पडलेला. बरोबर फळ्याखालच्या पायरीवर त्यानं मुक्काम ठोकला. पानाच्या तळाशी बसल्यासारखा बसतो, म्हणून बाईंनी त्याला ‘तळटीप’ म्हणायला सुरुवात केली. त्या दिवशी शब्द होता ‘कुलूप’. मूळ अरबी ‘कुफ्ल’. इकडे येता येता अक्षरांनी जागा बदलल्या. खाली बरीच जागा उरली होती. बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी तळटीपच्या वतीनं लिहून टाकलं:

तुमच्या दाराला कुलूप भारी,
माझी पायरी उघडी सारी.
चोर आला की भुंकीन नक्की,
झोप तेवढी होऊ दे पक्की!

समोरची बेकरीवाली पीठभरल्या हातांनी बाहेर आली, वाचून खो खो हसली आणि तिनं शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला हाक मारली. दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे पाच-सहा माणसं. ‘बिस्किट’ म्हणजे मुळात दोनदा भाजलेलं, असं बाईंनी लिहिलं, तेव्हा तळटीप म्हणाला:

दोनदा भाजतात, म्हणतात बाई,
एकदाच देतात, ही कसली घाई?
भाजता दोनदा, द्या ना दोनदा,
शेपूट हलवीन मीही दोनदा!

त्या दिवसापासून बेकरीवाली येता-जाता पायरीवर बिस्किटं ठेवू लागली. कामाला जाणारी माणसं फळ्यापुढे घटकाभर थबकू लागली. “आज काय म्हणतोय आपला कवी?” असं चष्मेवाला रोज विचारायचा. विचारायचा बाईंना, पण बघायचा फळ्याकडे. तरी बाईंना बरं वाटे. सकाळी सकाळी कुणीतरी आपल्याशी दोन शब्द बोलतं, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

वर्षं गेली. तळटीपचं तोंड पांढरं झालं. एका सकाळी बाई आल्या तर तो पायरीवर गार पडलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी वाचनकक्षातला जुना पडदा काढला, त्यात त्याला गुंडाळलं आणि मागच्या अंगणात, नळापाशी जमीन मऊ होती तिथं, स्वतः खड्डा खणून पुरलं. देवाला म्हणाल्या, “सांभाळ रे बाबा. भुंकेल थोडा, पण मनाचा चांगला आहे.”

हात धुऊन त्या खडू घेऊन आल्या त्या ‘तळटीप गेला’ असं लिहायलाच. तेवढ्यात मागून चष्मेवाल्याचा आवाज आला, “काय बाई, आज उशीर? कवीमहाशय रुसले की काय?”

बाईंनी खडू फळ्याला टेकवला. हे लिहिलं की संपलं. उद्यापासून इथं कोण थांबणार? त्यांनी ‘हजर’ लिहिलं. मूळ अरबी ‘हाजिर’, म्हणजे समोर असलेला. आणि खाली:

रोज हजर मी, रजा ना सुट्टी,
उन्हाशी माझी होते ना कट्टी.
शोधू नका हो, आहे इथंच,
बिस्किट ठेवा, खाईन तिथंच.

“वा! म्हातारा झाला तरी खोडी जात नाही,” म्हणत चष्मेवाला निघून गेला. बेकरीवालीनं वाचत वाचतच पायरीवर बिस्किट ठेवलं. खाली तिनं बघितलंच नाही.

कुणीच बघितलं नाही. बाई रोज कविता लिहीत राहिल्या, माणसं रोज हसत राहिली आणि संध्याकाळी बाई मुंग्या लागलेली बिस्किटं गोळा करून मागे टाकत राहिल्या. आधी वाटलं, निभावलं. मग मनात खुपायला लागलं. एवढा लाडका, तर तो तिथं आहे की नाही एवढंही कुणाला दिसू नये? घरी कोश उघडवेना. देवापुढे बसल्या की एकच मागणं: कुणीतरी विचारू दे रे.

विचारलं ते पोस्टमननं. त्याचं आणि तळटीपचं हाडवैर. तो सायकलवरून पाय खाली न टेकवता मासिकं दारात भिरकावायचा. त्या दिवशी तो चक्क पायऱ्या चढून आत आला.

“बाई, तुमचं ते खेकसणारं कुठाय?”

“का हो?”

“का म्हणजे? आठवडाभर बघतोय, बेल मारली तरी कुणी अंगावर येत नाही. चैन पडेना मला. आजारी आहे?”

बाईंनी मान हलवली. “गेला तो.”

पोस्टमननं टोपी काढली, पुन्हा घातली. “पँट फाडली होती माझी. दोनदा,” म्हणाला, आणि मासिकं हळूच टेबलावर ठेवून गेला. बाई पुस्तकांच्या रांगेमागे जाऊन पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी सरळ लिहिलं: तळटीप गेला, आठ-दहा दिवस झाले, त्यानंतरच्याही कविता माझ्याच. बेकरीवालीनं पदराला डोळे पुसले. चष्मेवाला गोंधळून म्हणाला, “अरेरे! मग आता कविता कोण लिहिणार?”

त्याला खरंच कळलं नव्हतं. समजावत न बसता बाई खडू घेऊन आत गेल्या.

पुढे गर्दी ओसरली. माणसं लांबूनच फळा बघत आणि चालू लागत. कितीतरी दिवस नुसता शब्द आणि त्याचं मूळ. मग ‘सोबत’ हा शब्द निघाला. अरबी ‘सोहबत’ वरून आलेला, बरोबर असणं या अर्थाचा. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि खाली भीत भीत लिहिलं:

पायरी झाडते, जागा सोडून,
बसेल का कुणी, ऊन ओढून?
फळा भरूनही उरतं बरंच,
बोलायचं होतं, एवढंच खरंच.

दुपारपर्यंत कुणी थांबलं नाही. मग बेकरीवाली आली, कमरेवर हात ठेवून तिनं दोनदा वाचलं, आणि दारातून आत डोकावून थेट बाईंकडे बघत म्हणाली, “तुमचं आजचं काही जमलं नाही हो बाई. शेवटची ओळ लंगडतेय.”

“हो का?” बाई खुर्चीतून उठल्याच. “कुठं लंगडतेय? या ना आत, सांगा बरं.”

“भट्टीत पाव आहेत. उद्या सांगते,” म्हणून ती गेली.

बाई दारापर्यंत आल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी फडकं घेऊन शेवटची ओळ पुसली आणि खडू हातात धरून तिथंच विचार करत उभ्या राहिल्या.